मोठ्या विद्यापीठात शिकवण्याची किंवा संशोधनाची नोकरी कशी शोधावी?

सांजवेळ

पीएचडी संपत आलेल्या किंवा नुकतीच हाती पडलेल्या मुलामुलींचे मला बऱ्यापैकी नियमित निरोप येतात. प्रश्न थोड्याफार फरकाने तोच असतो: विद्यापीठाच्या पोर्टलवर रोज बघतोय, अर्ज टाकतोय, साधं उत्तरही येत नाही, अडतंय कुठे? प्रत्येकाला सुटं सुटं लिहिण्यापेक्षा धागा काढते, म्हणजे इथल्या जाणत्यांचीही भर पडेल. मी निवड समित्यांवर काम केलं आहे, त्यामुळे अर्ज आत गेल्यावर त्याचं काय होतं हे थोडंफार सांगू शकेन.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. मोठं विद्यापीठ बाहेरून एकच दिसतं, पण नोकरी देताना ते एक नसतं. आत विभाग असतात, संशोधन केंद्रं असतात, उपकरणांच्या सामायिक सुविधा, ग्रंथालय, रुग्णालय, संगणक केंद्र असतं. प्रत्येकाची तिजोरी वेगळी, निर्णय घेणारी माणसं वेगळी. प्राध्यापकाच्या जागेला डीनची मंजुरी लागते आणि निवड विभागाची समिती करते. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर ठराविक मुदतीसाठी घेतलेला संशोधक, मात्र बहुतेक वेळा एका प्राध्यापकाच्या ग्रँटमधून (संशोधन अनुदानातून) घेतला जातो आणि निर्णय जवळजवळ त्या एका व्यक्तीचा असतो. म्हणून कुठलीही जागा दिसली की दोन प्रश्न विचारा: या पगाराचे पैसे कुठून येतात? आणि माणूस कुणाच्या शब्दावर घेतला जातो? या दोन्हींची उत्तरं मिळाली की अर्ज कसा लिहायचा हे निम्मं आपोआप ठरतं.

कधीकधी तर मालकच वेगळा असतो. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांच्या नावापुढे हार्वर्ड मेडिकल स्कूलचं पद असतं, पण ते रुग्णालय हार्वर्डच्या मालकीचं नाही. तिथल्या जागा रुग्णालयाच्या पोर्टलवर येतात. हार्वर्डच्या पोर्टलवर वर्षभर शोधलं तरी त्या दिसणार नाहीत. केंब्रिजची ३१ कॉलेजं विद्यापीठापासून वेगळ्या संस्था आहेत, ऑक्सफर्डमध्येही तसंच. तिथल्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिप (या पीएचडीनंतरच्या असतात, आपल्याकडच्या जेआरएफसारख्या नाहीत) कॉलेजं देतात, विभाग नाही. या फेलोशिपच्या जाहिराती बहुतांशी शरद ऋतूत येतात आणि मुदती लवकर संपतात.

दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जिच्याकडे फार कमी जण बघतात: कुणाला कोणती ग्रँट मिळाली ही माहिती अनेक देशांत सार्वजनिक असते. अमेरिकेत एनआयएच (आरोग्य संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) हिचं रिपोर्टर आणि एनएसएफ (विज्ञान संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) हिचा अवॉर्ड सर्च, ब्रिटनमध्ये गेटवे टू रिसर्च, युरोपीय संघाचं कॉर्डिस, जर्मनीत डीएफजी या संशोधन अनुदान देणाऱ्या संस्थेचं गेप्रिस. सगळं फुकट. आपल्या विषयातले शब्द टाका आणि सुरू होण्याच्या तारखेनुसार लावून बघा. ज्या प्राध्यापकाची चार-पाच वर्षांची ग्रँट गेल्या काही महिन्यांत सुरू झाली आहे, त्याला माणसं लागणारच. प्रस्तावात त्याने पोस्टडॉकचे पैसे मागितलेले असतात आणि ते त्याच कामासाठी खर्च करायचे असतात. युरोपात ईआरसीच्या (युरोपीय संशोधन परिषदेच्या) स्टार्टिंग ग्रँटचे निकाल साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला लागतात. पाच वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत रक्कम असते आणि मिळवणारे बहुतेक जण स्वतःचा गट नव्यानेच उभा करत असतात. निकालाची यादी नावं आणि संस्थांसकट जाहीर होते. पुढचे काही महिने त्यांच्या जाहिराती निघत राहतात. ती निघण्याआधीच तुमचं पत्र पोचलेलं असेल तर फरक पडतो.

पोर्टल बघू नका असं मी म्हणत नाही. अर्ज शेवटी तिथूनच जातो. पण पोर्टलवर जाहिरात दिसते तेव्हा त्या जागेची गोष्ट बरीच पुढे गेलेली असते.

रानपाखरू

सांजवेळ ताई, वेळेवर धागा काढलात. माझी पीएचडी पुढच्या सहा-आठ महिन्यांत संपेल. पदार्थविज्ञान, पातळ थरांवर काम. प्राध्यापकांना थेट मेल लिहायचा म्हणजे नेमकं काय लिहायचं? मी बरेच मेल पाठवले, फार थोड्यांची उत्तरं आली, तीही "सध्या जागा नाही" एवढीच.

सांजवेळ

रानपाखरू, उत्तर न येण्याचं मोठं कारण असं की असे मेल त्यांना रोज येतात आणि बहुतेक सगळे एकाच साच्यातले असतात. "आपल्या थोर संशोधनाने मी प्रभावित झालो आहे" हे वाक्य दिसलं की पुढचं वाचलं जात नाही.

मेल लहान ठेवा, मोबाइलच्या एका पडद्यावर मावेल एवढा. मी कोण, कुणाकडे पीएचडी करतेय, कोणत्या महिन्यात मोकळी होतेय. मग त्यांच्या कामातली एक नेमकी गोष्ट, शक्यतो गेल्या दोन वर्षांतली, आणि तिच्याशी तुमचं काय जुळतं. तुमच्या हातात काय आहे ते ठोस सांगा: "मी स्पटरिंगने थर बनवते आणि क्ष-किरण परावर्तनाचं विश्लेषण स्वतः लिहिलेल्या कोडने करते" हे "मला पातळ थरांचा अनुभव आहे" यापेक्षा कितीतरी वजनदार आहे. शेवटी प्रश्न असा विचारा की त्याला उत्तर देणं सोपं जाईल. "जागा आहे का?" याचं उत्तर "नाही" देऊन मोकळं होता येतं. "तुमच्या अमुक नव्या ग्रँटमध्ये पुढच्या वर्षी जागा निघण्याची शक्यता आहे का, किंवा एखाद्या फेलोशिपसाठी तुम्हाला यजमान प्राध्यापक म्हणून दाखवून अर्ज करता येईल का?" असं विचारलं तर समोरच्याला दोन दारं उघडी राहतात.

फेलोशिपचा मार्ग गंभीरपणे घ्या. युरोपीय संघाची मारी क्युरी पोस्टडॉक्टरल, जर्मनीची हुम्बोल्ट, जीवशास्त्रात एचएफएसपी आणि एम्बो. तुम्ही स्वतःचा पगार घेऊन येताय म्हटल्यावर प्राध्यापकाचं गणितच बदलतं. मारी क्युरीत एक अट आधी तपासा: ज्या देशात जायचं तिथे मुदतीच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही.

आठवडा-दहा दिवसांनी एक आठवण जरूर पाठवा. एकच.

दुर्बीण

चांगला धागा. एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. थेट मेलचा सल्ला पोस्टडॉकला लागू आहे, लेक्चरर किंवा असिस्टंट प्रोफेसरच्या जागेला नाही. तिथे विभागप्रमुखाला आधी गळ घालायचा प्रयत्न उलट अंगाशी येऊ शकतो. मी ब्रिटनमधल्या एका मोठ्या विद्यापीठात आहे. आमच्याकडे जाहिरातीसोबत पर्सन स्पेसिफिकेशन असतं, त्यात अत्यावश्यक आणि इष्ट असे निकष वेगळे दिलेले असतात. छाननी करणारे प्रत्येक अर्जाला त्या निकषांवर गुण देतात. अत्यावश्यक निकषांपैकी एकाचाही पुरावा अर्जात सापडला नाही तर प्रकाशनं कितीही भारी असली तरी नाव पुढे नेणं अवघड जातं. इतक्या चांगल्या लोकांचे अर्ज केवळ या एका कारणाने बाजूला पडताना बघितलेत की वाईट वाटतं. कव्हर लेटर किंवा सपोर्टिंग स्टेटमेंट निकषांच्या क्रमानेच लिहा, निकषाचे शब्द तेच ठेवा आणि प्रत्येकाखाली एक उदाहरण द्या. वाचायला रुक्ष वाटेल, पण छाननी करणाऱ्याचं काम सोपं होतं आणि तुमचं नाव यादीत राहतं.

जाहिरातींसाठी ब्रिटनमध्ये जॉब्स डॉट एसी डॉट यूके, युरोपात यूराअॅक्सेस. दोन्हींवर ईमेल सूचना लावून ठेवता येतात.

सांजवेळ

दुर्बीण, पूर्ण मान्य. प्राध्यापकपदासाठी जाहिरातीत संपर्क म्हणून ज्यांचं नाव दिलेलं असतं त्यांनाच लिहावं, तेही खरा प्रश्न असेल तर. उदाहरणार्थ, "माझं काम दोन विभागांच्या सीमेवर आहे, समिती त्याचा विचार करेल का?" हा रास्त प्रश्न आहे.

अक्षांश

जर्मनी आणि उत्तर युरोपाबद्दल थोडी भर घालतो, कारण तिथल्या जाहिराती वाचताना नवख्यांचा गोंधळ होतो.

जर्मन जाहिरातीत "टीव्ही-एल ई१३, ६५ टक्के" असं लिहिलेलं असतं. टीव्ही-एल हा राज्य सरकारी नोकरांचा वेतनकरार आणि ई१३ ही त्यातली वेतनश्रेणी, तिचा तक्ता जाहीर असतो, त्यामुळे पगार आधीच काढून बघता येतो. ६५ टक्के म्हणजे करार तेवढ्या तासांचा आणि पगारही तेवढाच. पीएचडीच्या जागांना हे सर्रास असतं, पोस्टडॉकला सहसा १०० टक्के. दुसरं म्हणजे विद्यापीठात मुदती करारांवर किती काळ राहता येतं याचा तिथे २००७ चा कायदा आहे: पीएचडीआधी जास्तीत जास्त ६ वर्षं आणि नंतर ६ वर्षं, वैद्यकशास्त्रात नंतरची ९. मुलं असतील तर मुदत वाढते, बाहेरच्या ग्रँटमधून पगार असेल तर हिशोब वेगळा. पण तिथे पोस्टडॉकला जाताना हे घड्याळ चालू आहे हे ठाऊक असू द्या. पाचव्या वर्षी कळलं तर पुढचं काही ठरवायला वेळच उरत नाही.

स्वीडनमध्ये पीएचडी ही पगारी नोकरीच असते आणि तिची रीतसर जाहिरात निघते. तिथल्या सार्वजनिक विद्यापीठांतले अर्ज सरकारी दस्तऐवज मानले जातात. प्राध्यापकपदांसाठी बाहेरच्या तज्ज्ञांचे अहवाल मागवतात आणि तेही मागून वाचता येतात. दुसऱ्याच्या अर्जाबद्दल तज्ज्ञांनी काय लिहिलं हे वाचायला मिळणं ही मोठीच शिकवण आहे. आपला अर्ज कुठे कमी पडतो ते तिथे पांढऱ्यावर काळं दिसतं.

जिज्ञासू

वाचनखूण साठवली.

एक प्रश्न. इथली सगळी चर्चा विज्ञानाची चालली आहे. मी इतिहासात पीएचडी केली आहे, मध्ययुगीन व्यापारावर. आमच्याकडे ना प्रयोगशाळा ना कुणाची मोठी ग्रँट. आम्ही कुठे बघायचं?

शुद्धमती

जिज्ञासू, मी भाषाशास्त्रात आहे, म्हणून उत्तर देते. ग्रँट नाहीत हे आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. ईआरसी मानव्यविद्यांनाही पैसे देते आणि तिथे प्राध्यापक तीन-चार पोस्टडॉक आणि पीएचडीचे विद्यार्थी घेऊन काम करतात. कॉर्डिसमध्ये तुमच्या कालखंडाचे आणि विषयाचे शब्द टाकून बघा. हिंदी महासागरातला व्यापार, हस्तलिखितं, नाणी, असे प्रकल्प सापडतील. जाहिरातींसाठी एच-नेट या मानव्यविद्यांच्या संकेतस्थळाचं जॉब गाइड, अमेरिकेत अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनची यादी, भाषा-साहित्यवाल्यांना एमएलएची (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची). ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचा उल्लेख वर आलाच आहे, त्या मानव्यविद्यांना मोठ्या प्रमाणात मिळतात आणि तीन-चार वर्षं स्वतःचं काम करायला देतात.

आणखी एक, विभागाच्या नावात अडकू नका. व्यापाराच्या इतिहासावर काम करणारा माणूस इतिहास विभागात असतो, तसाच दक्षिण आशिया केंद्रात, आर्थिक इतिहासाच्या गटात, धर्म अभ्यास विभागात, एखाद्या संग्रहालयातही असू शकतो. मोठ्या विद्यापीठाचा हाच फायदा आहे. तुमच्या विषयाची दहा दारं असतात, फक्त दारावर तुमच्या विषयाची पाटी नसते.

आणि भाषा! फारसी, मोडी, पोर्तुगीज, जे काही वाचता येतं ते सीव्हीच्या पहिल्या पानावर घ्या. ते वाचू शकणारी माणसं फार कमी उरली आहेत.

जिज्ञासू

मोडी येते आणि फारसी कामापुरती. सीव्हीत शेवटच्या ओळीत होतं. आजच वर घेतो. मनापासून आभार.

काचपट्टी

एका गोष्टीबद्दल धाग्यावर अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. प्राध्यापक आणि पोस्टडॉक यांच्यापलीकडेही विद्यापीठात संशोधनाच्या चांगल्या नोकऱ्या आहेत. पीएचडीच्या काळात आपल्याला त्यांच्याबद्दल कुणी सांगत नाही, आणि हे मला फार खटकतं.

मी एका विद्यापीठाच्या मायक्रोस्कोपी सुविधेत आहे. पद स्टाफ सायंटिस्टचं. दिवसभर वेगवेगळ्या गटांचे नमुने येतात, प्रयोग कसा आखायचा यावर चर्चा होते, उपकरणं सांभाळायची, विद्यार्थ्यांना शिकवायचं, प्रतिमांचं विश्लेषण करायचं. एका विषयात खोल जाण्याऐवजी अनेक विषयांशी रोज गाठ पडते. शोधनिबंधांवर नावही येतं, त्यासाठी सुरुवातीलाच बोलून घ्यावं लागतं. क्रायो-ईएम, मास स्पेक्ट्रोमेट्री, सिक्वेन्सिंग, एनएमआर, फ्लो सायटोमेट्री अशा प्रत्येक मोठ्या उपकरणामागे माणसं लागतात आणि चांगली माणसं मिळत नाहीत अशी तक्रार मी सतत ऐकते. या जागा "फॅकल्टी" नावाच्या पानावर कधीच नसतात. पोर्टलवर "स्टाफ" किंवा "टेक्निकल" विभागात असतात, म्हणून पीएचडीवाले तिकडे वळतच नाहीत.

कोड लिहिणाऱ्यांसाठी रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर हे पद आहे. हे नाव ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमारास रुजलं, आता अनेक मोठ्या विद्यापीठांत त्यांचे वेगळे गट आहेत. विदा (डेटा) व्यवस्थापनातही कामं वाढली आहेत. एनआयएचने २५ जानेवारी २०२३ पासून ज्यातून वैज्ञानिक विदा तयार होते अशा संशोधन प्रस्तावांसोबत विदा सांभाळण्याची आणि खुली करण्याची योजना मागायला सुरुवात केली. त्यामुळे ग्रंथालयांना आणि विभागांना असं काम जाणणारी माणसं लागायला लागली. ग्रँट कार्यालय, तंत्रज्ञान हस्तांतर, संशोधन नीती समितीचं कार्यालय, इथेही पीएचडी झालेली माणसं आनंदाने काम करतात.

माळरान

काचपट्टी, या पदांना स्थैर्य कितपत असतं? ग्रँट संपली की घरी?

काचपट्टी

पैसे कुठून येतात यावर आहे, सांजवेळ यांनी म्हटलं तसंच. माझ्या जागेचा काही भाग विद्यापीठ देतं, काही भाग वापरकर्त्यांच्या शुल्कातून येतो. पूर्ण शुल्कावर चालणारी सुविधा असेल तर मुलाखतीत विचारा की वापर कमी झाला तर तूट कोण भरतं. सरळ विचारा. चांगल्या ठिकाणी सरळ उत्तर मिळतं.

सांजवेळ

काचपट्टी, हा प्रतिसाद मूळ धाग्यातच असायला हवा होता.

"मुलाखतीत विचारा" यावरून पोस्टडॉकच्या मुलाखतीबद्दल लिहिते. तिथे आपण परीक्षा द्यायला आलोय अशा बेताने बसायचं नाही. तुम्ही आयुष्याची दोन-तीन वर्षं देताय. ही ग्रँट कधी संपते? माझा करार एक-एक वर्षाने वाढणार की सलग? इथून बाहेर पडलेले आधीचे पोस्टडॉक आज कुठे आहेत? जाताना मी प्रकल्पाचा कोणता भाग स्वतःचा म्हणून नेऊ शकते? हा शेवटचा प्रश्न अनेक जण संकोचाने टाळतात आणि पुढे स्वतंत्र होताना तोच नडतो. सध्याच्या दोन-तीन पोस्टडॉक किंवा विद्यार्थ्यांशी प्राध्यापक नसताना बोलायला मिळावं अशी विनंती करा. ती नाकारली गेली तर मी तरी त्या ठिकाणी जाणार नाही.

अमेरिकेत एनएसएफच्या प्रस्तावात पोस्टडॉकचे पैसे मागताना त्याला मार्गदर्शन कसं करणार याची योजना लिहून द्यावी लागते. त्यामुळे "माझ्या मार्गदर्शनाची काय योजना आहे?" हा प्रश्न अजिबात आगाऊ नाही.

पगाराबद्दलही आधी माहिती काढता येते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी संप केला, त्यात पोस्टडॉक, संशोधक आणि शिकवणारे विद्यार्थी होते. त्यानंतर झालेल्या करारांतली वेतनश्रेणी संकेतस्थळावर आहे. जिथे संघटनेचा करार असतो तिथे किमान पगार, रजा, विमा हे सगळं कागदावर असतं. ऑफर येण्याआधी तो करार वाचून जा.

माळरान

माझं वेगळं आहे. पीएचडीनंतर मुलं झाली, काही वर्षं घरी होते. आता परत यायचंय. समिती त्या रिकाम्या वर्षांकडे कशी बघते हे कुणी सांगेल का? खरं ते सांगा, वाईट वाटणार नाही.

सांजवेळ

माळरान, खरं तेच सांगते. समितीवरची सगळी माणसं सारखी नसतात. पण न सांगितलेल्या खंडाबद्दल माणूस मनाने काहीतरी भरून घेतो आणि ते सहसा तुमच्या विरोधात जातं. सीव्हीत एका ओळीत सरळ लिहा: "बालसंगोपनासाठी खंड", वर्षं घाला, पुढे जा. माफीचा सूर नको, लांबलचक खुलासा नको. अनेक योजना हा काळ पात्रतेतून वजा करतात. ईआरसीच्या स्टार्टिंग ग्रँटमध्ये आईला प्रत्येक मुलामागे १८ महिन्यांची सवलत आहे. खास परतणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये डॅफ्ने जॅक्सन ट्रस्टच्या फेलोशिप आहेत. त्या विद्यापीठांत अर्धवेळ करता येतात आणि खंड किमान दोन वर्षांचा असावा लागतो. तुमच्यासाठी हे फार नेमकं आहे, नक्की बघा.

पहिलं पाऊल म्हणून जुन्या मार्गदर्शकांना लिहा. शिफारसपत्र लागेलच, आणि त्यांना तुमचं काम आठवतं, खंड नाही.

दुर्बीण

माळरान, याला जोडून: शोधनिबंध कोणत्या नियतकालिकात छापला यापेक्षा कामाचा आशय बघावा असं म्हणणारा डोरा जाहीरनामा २०१३ मध्ये आला, आणि अनेक विद्यापीठांनी त्यावर सही केली आहे. त्याचा परिणाम म्हणून ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी कथनात्मक सीव्ही मागतात. त्यात तुम्ही ज्ञानात काय भर घातली, इतरांना घडवण्यात काय वाटा उचलला, हे परिच्छेदांत लिहायचं असतं. यादी छोटी असलेल्या माणसाला तिथे बोलायला जागा मिळते.

अक्षांश

जाहिरात आधीच ठरलेल्या माणसासाठी काढली आहे हे ओळखता येतं का?

सांजवेळ

कधीकधी. मुदत फक्त आठ-दहा दिवसांची, निकष इतके बारीक की जगात चार माणसं बसतील, आणि त्याच गटातला एखादा पोस्टडॉक नेमका त्या वर्णनाचा. पुष्कळ ठिकाणी करार वाढवतानाही नियमाने जाहिरात काढावी लागते, म्हणून असं होतं. अशा जागेसाठी दोन दिवस घालवू नका. पण नुसती शंका असेल तर अर्ज करा. आतला उमेदवार असूनही बाहेरच्याची निवड झालेली मी पाहिली आहे.

रानपाखरू

एक सावधगिरीची गोष्ट. मला "संशोधन पदासाठी निवड झाली, व्हिसाच्या प्रक्रियेचे पैसे भरा" असा मेल आला होता. विद्यापीठाचं बोधचिन्ह, डीनची सही, सगळं होतं. पत्ता मात्र जीमेलचा. विभागाच्या संकेतस्थळावरचा फोन लावला तेव्हा कळलं की अशी जागाच नाही. मुलाखत न घेता नोकरी देणारं आणि उमेदवाराकडून पैसे मागणारं विद्यापीठ खरं नसतं.

शुद्धमती

हे फार महत्त्वाचं. घाईत असलेली मुलं यात अडकतात.

माझाही एक प्रश्न. उत्तर अमेरिकेतल्या प्राध्यापकपदाच्या वेळापत्रकाबद्दल कुणी सविस्तर लिहील का? आणि नवरा-बायको दोघंही याच क्षेत्रात असतील तर?

सांजवेळ

बहुतेक जाहिराती ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये, व्हिडिओवर पहिली फेरी हिवाळ्याच्या सुरुवातीला, आणि निवडक तीन-चार जणांना साधारण जानेवारी ते मार्चमध्ये प्रत्यक्ष बोलावणं. रुजू व्हायचं पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरला. म्हणजे संशोधनाचं निवेदन, शिकवण्याचं निवेदन आणि शिफारसपत्रं यांची तयारी आदल्या उन्हाळ्यात. शिफारस देणाऱ्यांना किमान महिनाभर आधी कळवा, सोबत जाहिरात आणि तुमची निवेदनं पाठवा.

प्रत्यक्ष भेट एक-दोन दिवसांची असते आणि ती थकवते. सकाळपासून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी, मोठं व्याख्यान, जीवशास्त्रात वर चॉक टॉक. चॉक टॉक म्हणजे स्लाइडशिवाय फळ्यापाशी उभं राहून पुढच्या पाच वर्षांची योजना सांगायची, आणि प्राध्यापक मध्येमध्ये अडवत राहतात. याचा सराव मित्रांना मुद्दाम अडवायला सांगून करा. पहिल्या ग्रँटचं नाव, तिची पहिली तीन उद्दिष्टं, आणि पहिला प्रयोग फसला तर काय करणार, एवढं पाठ नाही, पण पक्कं हवं.

टेन्युअर ट्रॅकचा (पुढे कायम होऊ शकणाऱ्या प्राध्यापकपदाचा) परीक्षेचा काळ ७ वर्षांपेक्षा जास्त असू नये असं अमेरिकन प्राध्यापक संघटनेच्या १९४० च्या निवेदनात आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो पाच ते सात वर्षांचाच असतो. वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र जपून. तिथे "असिस्टंट प्रोफेसर" म्हटलं तरी पगाराचा मोठा भाग स्वतःच्या ग्रँटमधून आणायचा असू शकतो. किती टक्के आणि किती वर्षांनंतर, हे लेखी मागा.

जोडीदाराबद्दल: मोठ्या विद्यापीठांत यासाठी वेगळी व्यवस्था असते, आणि अमेरिकेत हर्क नावाच्या उच्च शिक्षणातल्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर दोघांसाठी एकाच परिसरातल्या जागा शोधता येतात. विषय कधी काढायचा यावर मतं वेगळी आहेत. माझं मत: तोंडी का होईना, ऑफर आल्यावर लगेच. त्याआधी समितीने हे विचारणंच योग्य नाही, आणि तुम्ही सांगायला बांधील नाही. ऑफरनंतर मात्र विभागाला तुम्ही हव्या असता आणि डीनकडे शब्द टाकायला तो तयार असतो.

रानपाखरू

शेवटचा प्रश्न, कारण नेमकं हेच समोर आलंय. वरच्या सल्ल्याप्रमाणे मेल बदलून पाठवले, एका ठिकाणी मुलाखत झाली आणि ऑफर आली. उत्तर दोन आठवड्यांत हवंय. दुसरीकडे, जिथे मला खरं जायचंय, तिथली मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. काय करू?

सांजवेळ

अरे वा, अभिनंदन!

आजच दोन मेल लिहा. पहिला ऑफर देणाऱ्यांना: आनंद झाला, निर्णय नीट विचार करून घ्यायचा आहे, अमुक तारखेपर्यंत वेळ मिळेल का. तारीख तुम्हीच सुचवा. दुसरा मेल पुढच्या महिन्याच्या मुलाखतवाल्यांना: माझ्याकडे एक ऑफर आहे, तिला अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे, पण तुमच्याकडे येण्याची माझी इच्छा जास्त आहे, मुलाखत आधी घेता येईल का. पहिल्या ठिकाणाचं नाव सांगायची गरज नाही. यात कुणाला राग येत नाही. पोस्टडॉकची मुलाखत एका प्राध्यापकाच्या हातात असते, त्याला ती पुढच्या आठवड्यातही घेता येते.

दोघांनीही नाही म्हटलं, तर पहिल्या ठिकाणच्या सध्याच्या पोस्टडॉकशी बोलून मग ठरवा. एकदा हो म्हटलं की दुसरीकडची मुलाखत रद्द करा आणि तसं त्यांना लगेच कळवा. ही क्षेत्रं लहान असतात, तीच माणसं पुढे तुमचे प्रस्ताव तपासतात.

रानपाखरू

दोन्ही मेल पाठवले. दुसऱ्या ठिकाणाहून तासाभरात उत्तर आलं, मुलाखत येत्या गुरुवारी. क्ष-किरण परावर्तनाचा कोड दाखवायला सांगितलाय.